काळ्या पँटवरचा एक केस

रविवारी सकाळी धुण्याच्या टोपलीत एकूण अकरा कपडे होते. त्यांतले गडद रंगाचे चार. बायकोच्या निळ्या स्वेटरवर पांढरे केस एकशे सेहेचाळीस. मुलीच्या शाळेच्या करड्या स्कर्टवर दोनशे अकरा. सासूबाईंच्या तपकिरी शालीवर तीनशे अठ्ठ्याऐंशी, आणि तेही एकाच बाजूला. दुसरी बाजू मोजायच्या आत सासूबाईंनी शाल ओढून घेतली. चौथा कपडा मापाडींची स्वतःची काळी पँट. तिच्यावर एक.

तो एक केस मापाडींनी चिमट्यात धरून खिडकीशी नेला आणि भिंगाखाली पाहिला. मांजराचा केस टोकाकडे निमुळता होत जातो. याचं टोक कात्रीने सपाट कापलेलं होतं. लांबी दीड सेंटीमीटर. मापाडींनी केसाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आरशात पाहिलं. केस त्यांच्याच मिशीचा होता.

म्हणजे शून्य.

मापाडी हे काही त्यांचं नाव नव्हे. ते सरकारी खात्यात वजनं आणि मापं तपासणारे निरीक्षक. कोणाचा किलो किती ग्रॅमने लंगडा आहे, कोणाच्या लिटरच्या बुडाला पोचा आहे, हे शोधण्यात त्यांची नोकरीची बावीस वर्षं गेली होती. इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव आधी पाठीमागे होतं, मग तोंडावर आलं, आणि एकदा तर पत्रपेटीवरही चिकटलं. तेही त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पण हे शून्य मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं.

घरातलं मांजर, म्हणजे कापूस नावाचा पांढराशुभ्र, लांब केसांचा बोका, तीन वर्षं सगळ्यांच्या मांडीवर बसत होता. सासूबाईंच्या मांडीवर तर तो आपल्या मालकीची जागा असल्यासारखा पसरायचा. मीटर वाचायला आलेला माणूस खुर्चीवर टेकला, तर त्याच्याही मांडीवर कापूस दोन मिनिटं बसून गेला होता. मापाडी त्याच खुर्चीवर बसले की तो उठून, अंग ताणून, सावकाश दुसऱ्या खोलीत जायचा. सावकाश जाणं हे त्यातलं सगळ्यात अपमानास्पद. घाबरून पळाला असता तर निदान आपला दरारा आहे असं म्हणता आलं असतं.

पण माझ्या मांडीवर मांजर बसत नाही म्हणून माझा जळफळाट होतो, असं पन्नाशीला आलेल्या सरकारी निरीक्षकाला म्हणता येत नाही. दुखणं पोटात असलं तरी औषध केसांनाच लावावं लागतं.

"आपल्या घरात केस फार झालेत," चहा घेताना ते म्हणाले. "काहीतरी बंदोबस्त करायला हवा."

"कोणाचे केस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येई, पण विषय कामाचा असला की पुरेसं ऐकू येई.

"मांजराचे."

"तीन वर्षांनी?" बायको म्हणाली. "अहो, तुमच्या कपड्यांवर तर एकसुद्धा नसतो. त्रास व्हायचा तर आम्हाला व्हावा."

मापाडींनी चहाचा कप जरा जोरात ठेवला. मुलीने बाबांकडे पाहिलं, मग मांजराकडे पाहिलं, आणि ती शहाणी असल्यामुळे तिने बिस्किट चहात बुडवलं.

मनातला बेत साधा होता. केस गळू नयेत म्हणून विंचरायचं. विंचरायला मांजर जवळ घ्यावं लागतं. जवळ घेता घेता त्याला मांडीची सवय लागते. शास्त्रीयदृष्ट्या यात खोट नव्हती. फक्त ही बातमी जिन्यापर्यंत पोचायला नको होती. सासूबाईंनी ती दुपारीच पोचवली.

सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांच्याकडे दोन कुत्रे होते आणि दोघेही दारात रांगेत बसत. "आंघोळ!" त्या म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा. रडलं तरी दया दाखवायची नाही. केस गळणं हा बेशिस्तीचा प्रकार आहे." शेजारच्या शिंप्याने रबरी हातमोजा घालून अंगावरून उलटा हात फिरवायला सांगितलं. उलटा म्हणजे हात उलटा की दिशा उलटी, हे विचारेपर्यंत तो निघून गेला होता. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने माशाच्या तेलाची बाटली दिली. "केसांना तुकतुकी येते. वजनाप्रमाणे द्या," तो म्हणाला.

वजनाप्रमाणे! हा शब्द ऐकून मापाडींना पहिल्यांदा बरं वाटलं. घरी आल्या आल्या त्यांनी वजनकाटा काढला. पद्धत अशी की माणसाने मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग माणूस वजा करायचा. मापाडींनी कापसाला उचललं. काटा स्थिर व्हायला चार सेकंद लागतात. कापसाने तीन सेकंद दिले. डाव्या मनगटावर समांतर अशा चार रेघा उमटल्या. शेवटी मुलगी मांजरासकट काट्यावर उभी राहिली, आणि तिच्या हातात ते मेलं इतकं निवांत लोंबत होतं की मापाडींना काट्याचा आकडा वाचताना चष्मा पुसावा लागला. मांजर चार किलो तीनशे दहा ग्रॅम. तेल रोज शून्य पॉइंट आठ मिलिलिटर.

आंघोळीचं वर्णन इथे करायला नको. मापाडी बाहेर आले तेव्हा मांजरापेक्षा जास्त भिजलेले होते आणि मांजरापेक्षा कमी रागावलेले होते, एवढं पुरे. रोज संध्याकाळी घर झाडून निघालेले केस ते पिशवीत भरून तोलत. पहिल्या दिवशी दोन पॉइंट एक ग्रॅम. दुसऱ्या आंघोळीनंतर तीन पॉइंट सात. चौथ्या आंघोळीनंतर पाच पॉइंट चार. अंगावर कोंडा दिसायला लागला, शेपटीच्या बुडाशी नाण्याएवढं टक्कल पडलं, आणि पोट असं बिघडलं की सासूबाईंनी शाल घडी करून कपाटात ठेवली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही हात लावायच्या आधी ते बरं होतं हो."

जावयाला सासू इतकं सरळ बोलते तेव्हा डॉक्टरकडे जाण्यावाचून इलाज उरत नाही.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एक लांब बाक होता, एक खिडकी होती आणि खिडकीच्या आत एक कारकून होता. मापाडींनी टोपली खिडकीपुढे ठेवली.

"नाव?"

"कापूस."

"मालकाचं विचारतोय," कारकून म्हणाला, आणि मान उंचावून त्याने टोपलीत पाहिलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे! लंबकराव! आज कोणाबरोबर?"

"कोण लंबक?"

"एक डोळा निळा, एक पिवळा, डाव्या कानाला खाच. हा आमचा लंबक. घड्याळजींचा." त्याने जाड रजिस्टर उलगडून मापाडींकडे फिरवलं. नोंद स्वच्छ अक्षरात होती. *लंबक. बोका, पांढरा. लसी सहा, सर्व वेळेवर. मालक: घड्याळ दुरुस्तीकार.* खाली पत्ता होता. मापाडींच्याच इमारतीचा. तळमजला.

"हे मांजर माझं आहे," मापाडी म्हणाले.

"रजिस्टर तसं म्हणत नाही."

"तीन वर्षं माझ्या घरी राहतंय!"

"पुरावा?"

"पुरावा? घरभर केस आहेत त्याचे!"

"साहेब, केस म्हणजे कागद नव्हे," कारकून समजुतीने म्हणाला. "दुसऱ्याचं जनावर तपासायचं तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं. दोन प्रतींत."

बाकावर एक बाई पोपट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पिंजरा हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

मापाडींनी आपल्या बावीस वर्षांत कित्येक दुकानदारांना "तुमचा काटा बरोबर असेल हो, पण शिक्का कुठंय?" असं विचारलं होतं. दुकानदार तेव्हा जसे पाहायचे, तसं आज ते स्वतः पाहत होते. पण डोक्यात शिक्का नव्हता, पत्र नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट होती: सहा लसी, सर्व वेळेवर.

घड्याळजी तळमजल्यावरच्या रस्त्याकडच्या खोलीत राहत आणि तिथेच घड्याळं दुरुस्त करत. साठीचा, सडपातळ, एकटा माणूस. तीन वर्षांत मापाडींचा आणि त्यांचा संबंध "काय, बरंय ना?" एवढाच. मापाडी टोपली घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांची नजर घड्याळजींच्या काळ्या कापडी एप्रनवर गेली. त्यावर केस मोजण्यात अर्थ नव्हता. एप्रन काळा आहे हे फक्त खिशांवरून कळत होतं. 

"लंबक!" घड्याळजी उठले. "साहेब, हा तुमच्याकडे कसा?"

"हा माझ्याकडेच असतो. रोज."

घड्याळजी हळूहळू परत बसले. डोळ्यावरचं भिंग काढायचंही त्यांना सुचलं नाही. "अस्सं," ते म्हणाले. "संध्याकाळ झाली की हा उठून जातो. मला तीन वर्षं वाटत होतं, शिकारीला जातो."

"आणि आम्हाला वाटत होतं, दुपारी गच्चीत झोपतो."

 फसवला गेलेला माणूस दुसऱ्या फसवल्या गेलेल्या माणसाला भेटला की मैत्री होते असं म्हणतात. इथे तसं काही झालं नाही.

"तुमच्याकडे..." घड्याळजींनी आत्ता कुठे डोळ्यावरचं भिंग काढलं. "तुमच्याकडे तो मांडीवर बसतो?"

"बसतो म्हणजे?" मापाडी म्हणाले. "उठतच नाही."

आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं माप.

ना हरकत पत्रावर अर्धा तास वाद झाला. घड्याळजींना 'मी, लंबकाचा मालक' असं लिहायचं होतं. मापाडींना 'मी, सदर मांजराचा दुपारचा शेजारी'. शेवटी पत्र राहिलं आणि दोघंही टोपली घेऊन दवाखान्यात निघाले. टोपलीला मूठ एकच होती. ती दोघांनी धरली होती.

"नाव कापूस का लंबक, ते एकदा ठरवा," कारकून म्हणाला. "रजिस्टरात दोन नावं बसत नाहीत."

"ज्या नावाला ओ देईल ते!" मापाडी म्हणाले.

"मान्य," घड्याळजी म्हणाले.

टोपली उघडली. मापाडींनी हाक मारली, "कापूस! ए कापसा!" कापूस पंजा चाटत राहिला. घड्याळजींनी मधाळ आवाजात "लंबू, बाळा," म्हटलं. पंजा बदलला. मग दोघंही एकदम, आळीपाळीने, चढत्या आवाजात हाका मारू लागले. पोपटवाल्या बाई अजून तिथेच होत्या. त्यांचा पोपट "कापूस" शिकला. मांजर शिकलं नाही.

आवाज ऐकून तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मांजराच्या पाठीमागे जाऊन फाडकन टाळी वाजवली. कारकून दचकला, पोपट फडफडला, मापाडींनी टोपलीची मूठ सोडली. मांजर कान साफ करत होतं.

"हे बहिरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पांढरं मांजर, निळा डोळा, असं पुष्कळदा असतं. तीन वर्षांत दोघांपैकी कोणालाच कळलं नाही?"

दोघांनीही बाकाखाली पाहिलं. (घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "म्हणून तर मी जमिनीवर पाय आपटून बोलावते त्याला," आणि सासूबाई म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहितीये. आमचं त्यावरूनच जमलं.")

तपासणी सुरू झाली. "याला आंघोळ कोण घालतं?"

"मी," दोघं म्हणाले, आणि एकमेकांकडे वळले.

"किती वेळा?"

"आठवड्यातून दोनदा," मापाडी म्हणाले. घड्याळजींनी खाली मान घालून दोन बोटं दाखवली. "घड्याळांत केस जायला लागले होते," ते पुटपुटले. "गिऱ्हाइकं तक्रार करतात."

"म्हणजे आठवड्यात चार आंघोळी. कातडी कोरडी पडणार नाही तर काय! आणि पोटात काय घालताय?"

"माशाचं तेल. शून्य पॉइंट आठ मिलिलिटर," मापाडी म्हणाले. "बरोब्बर."

"मीही तेच देतो," घड्याळजी म्हणाले. "ड्रॉपरने सोळा थेंब. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"वीस थेंबांचा एक मिलिलिटर," मापाडींच्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणजे सोळा थेंब... शून्य पॉइंट आठ." आणि ते थांबले.

"दोघांचीही मापं अगदी अचूक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट त्यानेच बिघडलंय. आता ऐका. आंघोळ बंद. तेल पंधरा दिवस बंद. ऋतू बदलला की मांजराचे केस गळतातच, तो काही रोग नाही. रोज दहा मिनिटं विंचरायचं. एकाने धरायचं, एकाने विंचरायचं. दोन घरं आहेत तर चार हात वापरा."

रजिस्टराचा प्रश्न कारकुनाने स्वतःच सोडवला. त्याने जुनी नोंद खोडली नाही. शेवटी फक्त तीन अक्षरं आणि एक 'व' जोडला. *मालक: घड्याळ दुरुस्तीकार व इतर.*

मापाडींनी ते वाचलं. सबंध खात्यात ज्यांच्या सहीशिवाय एकही काटा बाजारात उभा राहत नाही, ते 'इतर' झाले होते.

घड्याळजी टोपली घेऊन पुढे गेले, तेव्हा मापाडी मागे रेंगाळले. "डॉक्टर, एक शास्त्रीय शंका होती. समजा, एखाद्या माणसाच्या मांडीवर मांजर अजिबातच बसत नसेल..."

"तुमच्या?"

"एखाद्या."

"तो एखादा मांजराकडे टक लावून बघतो का?"

"निरीक्षण करतो."

"मांजराला त्यातला फरक कळत नाही. टक लावून बघणारा म्हणजे भांडायला आलेला, असं त्याचं शास्त्र असतं. त्या एखाद्याला सांगा, दुसरीकडे बघ."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सव्वाआठला घड्याळजींच्या खोलीत विंचरणं सुरू झालं. तिथे उजेड चांगला होता. शिवाय फणी त्यांची होती. मापाडी ऑफिसच्या कपड्यांत स्टुलावर बसत आणि टेबलावरचं मांजर दोन्ही हातांनी धरत. घड्याळजी मानेपासून शेपटीकडे फणी चालवत. मापाडी दुसरीकडे बघत. छताकडे, पंख्याकडे, दाराच्या बिजागरीकडे. पण माणूस बिजागरीकडे बघत असला तरी मनाने कुठे बघतोय, हे मांजराला कळत असावं. दहा मिनिटं संपली की कापूस अंग झटकून उठे, मापाडींच्या मांडीला वळसा घालून काळ्या एप्रनमध्ये जाऊन बसे. उधारी थकलेलं गिऱ्हाईक दुकानाला घालतं तसा वळसा.

 तिसऱ्या सकाळी घड्याळजी म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, उठतच नाही."

"घरी," मापाडी म्हणाले. "घरी उठत नाही."

"हो, हो. घरी असेल," घड्याळजी म्हणाले, आणि तेव्हापासून रोज, अगदी मनापासून, "आज बसेल बघा," म्हणू लागले. मापाडींना वाटे, यापेक्षा या माणसाने शिव्या दिलेल्या परवडल्या.

बाकी आकडे उत्तम होते. पाच पॉइंट चारवरून केस तीनवर आले, मग एक पॉइंट सातवर. कोंडा गेला, टकलावर लव फुटली, पाठीवर हात फिरवला तर रेशीम. मुख्याध्यापिकाबाईंनी जिन्यात थांबून "बघा, आंघोळीने किती फरक पडला!" असं म्हटलं. मापाडींनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही. चमकतं मांजर दुसऱ्याच्या मांडीवर अधिकच चमकतं, या विचारात ते होते.

नवव्या सकाळी टेबलावर एक छोटं मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं होतं.

"हे तीनदा परत आलंय," घड्याळजी म्हणाले. "दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं. सगळं धुतलं, सगळं तपासलं. काही सापडत नाही."

"रोज अकराच? कमीजास्त नाही?"

"अकराच."

"मग चूक नियमित आहे," मापाडी म्हणाले आणि थोडे पुढे सरकले. "नियमित चूक म्हणजे घाण नव्हे. घाण असती तर कधी आठ, कधी पंधरा झालं असतं. भिंग द्या पाहू."

विंचरून झालं होतं. मापाडींनी मांजर सोडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. आत एक इवलंसं चाक डावीकडे जाई, थबके, उजवीकडे जाई. त्यांनी त्याचे हेलकावे मोजायला घेतले. मिनिटाला किती हवेत? चाकाला हलवणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीची लांबी कोण ठरवतं? ती बदलली होती का? कोणी? कधी? घड्याळजी उत्तरं देत होते. बऱ्याच वर्षांत त्यांना कोणी असे प्रश्न विचारले नव्हते. मग त्यांची उत्तरं तुटक झाली. मग थांबली.

"पण ही पट्टी जर पाव मिलिमीटर लांब बसली असेल," मापाडी म्हणत होते, "तर..."

"साहेब," घड्याळजी अगदी सपाट आवाजात म्हणाले, "पाय हलवू नका."

मापाडींना मग जाणवलं. दोन्ही मांड्यांवर काहीतरी जड आणि ऊबदार होतं, आणि ते घुरघुरत होतं. त्यांनी खाली बघितलं नाही. भिंगही काढलं नाही. आधी श्वास सोडला, तोही हप्त्याहप्त्याने.

घड्याळजींनी वर भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहिलं आणि दुरुस्तीच्या चिठ्ठीवर प्रत्येकातली वेळ भराभर लिहून घेतली. "आत्ता उठेल," ते म्हणाले. "ऊन सरकलं की उठतो."

ऊन सरकलं.

"रस्त्यावर पाण्याची गाडी आली की फरशी थरथरते. तेव्हा उठतो."

गाडी आली, थरथरवून गेली.

"माझ्याकडे फार तर पाऊण तास," घड्याळजी एप्रनच्या रिकाम्या खोळीत हात घालून म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मापाडींना आपलाच रविवारचा चेहरा पाहिल्यासारखं वाटलं, आणि गंमत म्हणजे, बिलकुल वाईट वाटलं नाही.

बायको दारात आली. "अहो! ऑफिसातून दोनदा फोन आला. साहेब विचारतायत, आजारी आहात का. काय सांगू?"

"हळू बोल," मापाडी कुजबुजले.

"अहो, बहिरा आहे तो!"

"तरी हळू बोल. सांग, तपासणीवर आहे."

तिने मांडीकडे पाहिलं, नवऱ्याच्या एका डोळ्यातल्या भिंगाकडे पाहिलं, उघड्या डोळ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि फोन करायला गेली. डाव्या पायाला मुंग्या आल्या. मग उजव्या. मग दोन्ही पाय आहेत की नाहीत हे कळेनासं झालं. घड्याळजींनी न मागता पाण्याचा पेला हातात दिला आणि पाणी प्यायला किती हालचाल होते ते बारकाईने पाहिलं.

शेवटी कापूस आपणहून उठला, पाठीची कमान केली आणि खिडकीत जाऊन बसला. घड्याळजींनी चिठ्ठी काढली. भिंतीवरची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती, त्यामुळे कोणतं धरायचं यावर थोडा वाद झाला. मापाडींनी तोडगा सुचवला. घड्याळजींनी प्रत्येक घड्याळाच्या बसल्याच्या आणि उठल्याच्या वेळा वाचल्या, मापाडींनी बेरीज केली, भागाकार घड्याळजींनी दोनदा पडताळून पाहिला.

सात चालू घड्याळांची सरासरी एक तास सत्तेचाळीस मिनिटं आली.